फ्रीलान्स लीगल रायटिंग: काम घेण्याआधी करारात काय लिहून घ्यावं

कायदा शिकलेली मुलंमुली फ्रीलान्स लिखाणात उतरतात, इतरांना कराराचे मसुदे करून देतात आणि स्वतःचं काम मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ओके, डन’वर सुरू करतात. मला त्यांची खरोखर काळजी वाटते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० च्या अटी पूर्ण होत असतील तर तोंडी करारही वैध असतो, पण वेळ आली की तो सिद्ध करायचा कसा? एका कंपनीसाठी माझी लेखमाला चालू असताना, मला काम देणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली. तिच्या जागी आलेल्यांनी कळवलं, ‘हा दर ठरल्याची आमच्याकडे नोंद नाही.’ दोघांच्या सह्यांचं पत्र माझ्याकडे होतं. ते पाठवलं आणि वाद तिथेच मिटला.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते कॉपीराइटच्या परिच्छेदाकडे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचे हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, नोकरी देणाऱ्याचे असतात. फ्रीलान्सर पगारी नोकर नसतो, म्हणून कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे त्याच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतःच असतो. हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ नुसार ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून माझ्या प्रत्येक करारात हे वाक्य असतंच: ‘पूर्ण मोबदला खात्यात जमा झाल्यावरच या मजकुराचे हक्क क्लायंटकडे जातील.’ पैसे थकवून लेख छापला तर नुसती उधारी राहत नाही, तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. अकाउंट्स विभाग तुमच्या आठवणीच्या मेलला उत्तर देत नसेल, पण हे वाक्य दाखवलं की कंपनीचा कायदा विभाग फोन करतो. लेख दुसऱ्या कुणाच्या नावाने जाणार असेल तर तो नमुना म्हणून खासगीत दाखवायची परवानगीही याच परिच्छेदात घ्या.

दुरुस्त्या किती वेळा करून देणार हे तर लिहायचंच, पण आपल्या क्षेत्रात आणखी एक गोष्ट लागते. १ जुलै २०२४ ला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुने लेख ‘जरा अपडेट करून द्या’ अशा विनंत्या सुरू झाल्या. खुनाच्या शिक्षेच्या कलमाचा आकडा ३०२ च्या जागी १०३ लिहून हे काम संपत नाही. तरतुदीची भाषा आणि लेखातला प्रत्येक निवाडा पुन्हा तपासावा लागतो, आणि त्याचे पैसे मिळायलाच हवेत. लेख कोणत्या तारखेपर्यंतच्या कायद्यावर आधारलेला आहे ते करारात नमूद करा आणि पुढच्या बदलांचा दर वेगळा ठेवा.

नुकसानभरपाईची जबाबदारी अमर्याद ठेवणारा मसुदा आला तर सही करू नका. ती मिळालेल्या मोबदल्यापुरती मर्यादित करून घ्या. एका लेखाच्या मानधनापायी घरदार पणाला लावणं मला अजिबात मान्य नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यावसायिकांची सरकारी नोंदणी, मोफत आणि ऑनलाइन होते. काम सुरू करण्याआधीच ती करून ठेवा. मग एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) अधिनियम, २००६ प्रमाणे करारात काहीही मुदत असली तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. मुदत लिहिलेलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार आपल्याच भागातल्या सुविधा परिषदेकडे (थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) करता येते. क्लायंट दिल्लीचा असला तरी.

सही करायला क्लायंट टाळाटाळ करत असेल तर सगळ्या अटी ईमेलने पाठवा आणि ‘मान्य’ एवढं उत्तर मागा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १० अ मुळे, केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. फक्त कॉपीराइट देण्याच्या कागदावर सही हवीच. नव्या क्लायंटकडून मी निम्मी रक्कम आगाऊ घेते, आणि ‘मान्य’ हे उत्तर येईपर्यंत संशोधनालाही हात लावत नाही.