पणजोबांचा माग फेरफाराच्या नोंदीतून

१८७७ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूरच्या जुन्या गिरणीत पणजोबा कामाला होते आणि मूळ गाव बार्शी तालुक्यातले, एवढेच घरात ठाऊक होते. त्यांच्या मृत्यूचे साल कोणालाच सांगता येत नव्हते. गिरणीची हजेरीपुस्तके मिळण्याची आशा नसल्याने मी जमिनीच्या कागदांकडे वळलो. चालू सातबाऱ्यावरील फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) क्रमांक धरून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील जुन्या नकला मागवत गेलो, तेव्हा वारसनोंदीच्या एका फेरफारात पणजोबांच्या मृत्यूची तारीख आणि सर्व वारसांची नावे एकत्र मिळाली.

तारीख हाती आल्यावर कोतवाल बुक, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूंची नोंदवही (गाव नमुना १४), चाळणे सोपे झाले. त्यात आडनाव अनेकदा नसतेच. नाव, बापाचे नाव आणि जात यांवरूनच माणूस ओळखावा लागतो. मोडीतील पाने जाणकाराकडून वाचून घेतली, कारण अंदाजाने लावलेले नाव वंशावळीत घालणे मला पटत नाही.

आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मस्थळ म्हणून तेच गाव निघाले. तेव्हा कुटुंब सोलापुरात आले ते बहुधा त्यांच्या जन्मानंतर (पहिले बाळंतपण माहेरी होत असे, म्हणून ‘बहुधा’).