मंडळाचं रक्तदान शिबिर कसं घ्यायचं, आणि शक्यतो मे महिन्यात का घ्यायचं

रक्तदान शिबिर घ्यायचं ठरलं की मंडळाच्या मिटिंगमधला पहिला तास फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा यातच जातो. तारखेवर कोणी बोलतच नाही कारण ती आधीच ठरलेली असते, शिवजयंती नाहीतर भाऊंचा वाढदिवस. माझं म्हणणं एवढंच आहे की फ्लेक्स राहू द्या बाजूला, आधी तारखेवर भांडा.

हिशोब सोपा आहे. रक्ताचे घटक वेगळे करून साठवतात. पिशवीत रक्त टिकवायचं कुठलं द्रावण आहे त्यावर अवलंबून लाल पेशी ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) फक्त ५ दिवस, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) गोठवला तर वर्षभर. आणि एकदा रक्त दिलं की पुरुषांना ९० दिवस आणि बायकांना १२० दिवस परत देता येत नाही. आता १९ फेब्रुवारी धरा, त्या दिवशी महाराष्ट्रात गल्लोगल्ली शिबिरं असतात, त्या दिवशी घेतलेल्या लाल पेशी ताणून ताणून २ एप्रिलपर्यंत वापरता येतात, आणि ज्यांनी दिलं ते पुरुष २० मे उजाडेपर्यंत बाद, बायका तर त्याहून महिनाभर जास्त. म्हणजे एप्रिल-मेमध्ये जेव्हा कॉलेजं बंद, पोरं गावाला, लोक लग्नात नाहीतर सुट्टीवर, नेमका तेव्हाच फ्रिज रिकामा आणि देणारेही अडकलेले. १४ एप्रिलच्या शिबिरांचा थोडाफार आधार होतो तेवढाच. थॅलेसेमियाच्या (अंगात रक्तच नीट तयार होत नाही असा जन्मजात आजार) लेकरांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते, आणि बाळंतपणं, अपघात, ऑपरेशनं पण काही शाळेचं वेळापत्रक बघून होत नाहीत.

म्हणून तारीख ठरवायच्या आधी रक्तपेढीला फोन लावा आणि सरळ विचारा की तुम्हाला कमी कधी पडतं. बहुतेक ठिकाणी उत्तर एप्रिल-मे आणि दिवाळीची सुट्टी असंच येईल. मग जयंतीला काहीच करायचं नाही का, तर करा की, त्या दिवशी दात्यांची नोंदणी करा, टेबल टाका, नाव, ब्लड ग्रुप, फोन, शेवटचं कधी दिलं ते लिहून घ्या आणि मेमधली तारीख हातात द्या. महाराजांच्या नावानं मेमध्ये पेशंटला रक्त मिळालं तर त्यात कमीपणा कसला. आणि एकाच दिवशी तीनशे बाटल्यांचा आकडा बॅनरवर लावण्यापेक्षा वर्षातून तीनदा चाळीस-पन्नास बाटल्या जास्त कामाच्या, हे मंडळातल्या ज्येष्ठांना पटवायला वेळ लागेल पण वर लिहिलेला हिशोब कागदावर मांडून दाखवला की पटतं.

तारीख बघताना उपासाचे दिवस टाळा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, मुस्लिम मोहल्ला जवळ असेल तर रोजे. उपाशीपोटी रक्त द्यायचं नसतं आणि तुम्ही कितीही सांगा, साबुदाण्याच्या चार घासांवर येणारे येतातच. मेमध्ये घेताय तर सकाळी ८ ते १२ एवढंच ठेवा, दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर कोणी येत नाही आणि येऊही नये.

आता रक्तपेढी कुठली. शिबिर परवाना असलेल्या रक्तपेढीबरोबरच घेता येतं हे तर आहेच, पण नुसता परवाना बघून थांबू नका. विचारायच्या गोष्टी म्हणजे, रक्ताचे घटक वेगळे करता का? करत असाल तर आमच्या गावापासून तुमची गाडी किती वेळात पोचते, कारण प्लेटलेट्स काढायच्या तर रक्त घेतल्यापासून साधारण ६ ते ८ तासांत ते काम व्हायला लागतं, शिबिर चार वाजेपर्यंत लांबवलं आणि पेढी तीन तासांवर असली की सकाळच्या बाटल्यांमधून प्लेटलेट्स निघणं अवघड. डॉक्टर किती, खाटा किती आणणार, पन्नास ते सत्तर बाटल्या तीन तासांत घ्यायच्या तर सहा ते आठ खाटा तरी पाहिजेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या आमच्या गावातल्या माणसाला गरज पडली तर रक्त दिल्यावर पेढी देते त्या डोनर कार्डावर नेमकं काय मिळणार, बदली रक्तदाता (रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा माणूस) मागणार का, किती महिने ते कार्ड चालणार. हे तोंडी नको, लेखी घ्या. कार्ड दाखवलं की सगळं फुकट मिळतं असं गावात समजतात आणि मग ऐनवेळी दवाखान्यात काउंटरवर मंडळाच्या नावानं शिव्या बसतात. रक्त विकता येत नाही, पण पिशवी, तपासण्या, साठवण याचं सेवाशुल्क रक्तपेढी लावू शकते, हे लोकांना आधीच सांगून ठेवा.

काही पेढ्यांची माणसं स्वतःहून मंडळाकडे येतात, बाटलीमागे हेल्मेट देतो, प्रवासाची बॅग देतो, मंडळाला अमुक देतो म्हणतात. नाही म्हणा. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद झालं ते उगाच नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया अशी तपासणी होते, पण संसर्ग नुकताच झालेला असेल तर टेस्टमध्ये तो दिसेलच असं नाही, तिथे फॉर्मवर खरं उत्तर देणारा माणूसच कामाला येतो, आणि बॅगेसाठी रांगेत उभा राहिलेला माणूस फॉर्मवर खरं लिहील याची खात्री कोण देणार. चहा, बिस्किट, केळी, प्रमाणपत्र, बस्स. याच कारणासाठी ‘चला फुकटात एचआयव्ही टेस्ट होईल’ असा प्रचार पण चुकूनही करू नका, ज्याला टेस्ट करायचीय त्याला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन केंद्रात पाठवा.

जागा साधीच लागते. शाळेचा हॉल, समाजमंदिर, मंगल कार्यालय, तळमजला असावा, पंखे चालू, संडास-बाथरूम, प्यायचं पाणी, लाईट गेली तर सोय. मांडवात डीजेच्या शेजारी नको. एक कोपरा पडदा लावून डॉक्टरसाठी वेगळा ठेवा कारण तिथे जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं शेजारच्या काकांसमोर कोणी देणार नाही.

माणसं गोळा करणं हे खरं काम. स्टेटस ठेवून माणसं येत नाहीत, लाईक येतात. गल्लीवार पोरं वाटून घ्या, घरी जा, फोन करा, प्रत्येकाला वेळ द्या, तुम्ही साडेआठला, तुम्ही नऊला, म्हणजे दहा वाजता झुंबड आणि अकराला शुकशुकाट असं होत नाही. ‘येतो’ म्हणणाऱ्यातले अर्धे येतील असंच धरून चाला. आदल्या संध्याकाळी असा मेसेज टाका: ‘उद्या ८:३० ला तुमची वेळ आहे. रात्री नीट झोपा, दारू नको. सकाळी नाष्टा करूनच या, पाणी भरपूर प्या. आधार कार्ड आणा. कुठली गोळी चालू असेल तर तिचं पाकीट सोबत ठेवा.’ एवढं पुरे, वर रक्तदानावर कविता नको.

कोण देऊ शकतं हे पोरांना तोंडपाठ पाहिजे, नाहीतर माणूस सुट्टी टाकून येतो आणि परत जातो. वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देणारा साठीच्या आतला. वजन किमान ४५ किलो, ४५० मिलीची पिशवी असेल तर ५५ च्या वर. हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम (दर १०० मिली रक्तात). टॅटू काढला असेल तर एक वर्ष थांबायचं, मलेरिया होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने, इन्सुलिन घेणाऱ्यांना चालत नाही. बीपीची गोळी वगैरे बाकीच्या बाबतीत तुम्ही घरी बसून निकाल देऊ नका, डॉक्टर ठरवतील.

हिमोग्लोबिनवरून एक मोठा विषय आहे जो शिबिरवाले सोडून देतात. बायका उत्साहाने येतात आणि त्यातल्या बऱ्याच परत पाठवल्या जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. तर ज्या बाईला ‘ताई, तुमचं कमी आहे’ म्हणून उठवलं तिला तसंच घरी पाठवणं म्हणजे हातातली संधी घालवणं. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सला त्या दिवशी बोलवा, एक खुर्ची द्या, आकडा चिठ्ठीवर लिहून द्या, लोहाच्या गोळ्या कुठे मिळतात ते सांगा. चहा-केळं त्यांनाही. माझ्या मते पन्नास बाटल्यांच्या शिबिरात अशा वीस बायकांची चिठ्ठी झाली तर ते काम बाटल्यांएवढंच मोठं आहे. आणि माईकवरून कोणाला का नाकारलं ते सांगू नका, सांगणारे महाभाग असतात.

पाहुण्यांचं काय करायचं? बोलवा, पण आठला रक्त घ्यायला सुरुवात झालीच पाहिजे, साहेब दहाला येतील तेव्हा नारळ फोडतील. साहेबांची वाट बघत नाष्टा करून आलेली माणसं दीड तास बसली की परत भुकेजतात, मग चक्कर येते. पहिल्यांदाच देणाऱ्यावर लक्ष ठेवा, मग तो तालमीतला का असेना. रक्त देऊन झालं की दहा-पंधरा मिनिटं बसवा, पाणी पाजा, घाम फुटला, तोंड पांढरं पडलं तर तिथंच आडवं करा, पाय वर घ्या, डॉक्टरला हाक मारा, भोवती गर्दी करून कांदा-चप्पल हुंगवू नका. त्या दिवशी जड उचलायचं नाही, लगेच उन्हात गाडी मारायची नाही, रिक्षा आणि ट्रॅक्टरवाल्यांना हे मुद्दाम सांगा.

खर्च फार नाही, नाष्टा, केळी, पाणी, एक फ्लेक्स. वर्गणीचा हिशोब ग्रुपवर टाकला की पुढच्या वेळी मागायला तोंड राहतं.

शिबिर झालं की यादी नीट करा, ग्रुपवार आणि शेवटच्या तारखेसकट, आणि ती दोघा-तिघांकडेच ठेवा, तीनशे जणांच्या व्हॉट्सअपवर लोकांचे नंबर टाकायचे नसतात. तपासणीत कोणाचं काय निघालं हे पेढीला विचारू नका, तो त्या माणसाचा आणि पेढीचा विषय. निगेटिव्ह ग्रुपवाल्यांना सगळ्यांना एकाच दिवशी झोपवू नका, निम्मे राखीव ठेवा, ऐनवेळी तेच लागतात. आणि यादीत बॉम्बे ग्रुपचा कोणी निघाला, म्हणजे १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे यांनी शोधलेला तो दुर्मिळ गट, तर त्याला शिबिरात रक्त द्यायला न लावता पेढीकडे नाव नोंदवा. साध्या तपासणीत तो ‘ओ’ सारखा दिसतो पण त्याला चालतं फक्त बॉम्बे ग्रुपचंच.

रक्त हवंय असा मेसेज मंडळाच्या ग्रुपवर आला तर पुढे ढकलण्याआधी हॉस्पिटलला फोन करून खात्री करा, मेसेजमध्ये तारीख, वेळ, गाव, वॉर्ड, ग्रुप आणि किती बाटल्या हे सगळं पाहिजे, ‘अर्जंट’ एवढंच लिहिलेला मेसेज ढकलूच नका. आणि रक्त मिळालं की त्याच ग्रुपवर ‘मिळालं, आता फोन करू नका’ असं टाका, नाहीतर तो मेसेज दोन वर्षं फिरत राहतो आणि पेशंटच्या भावाला रात्री-अपरात्री फोन येत राहतात.