देवाची इच्छा शोधताना या चुका टाळा

मिरजेत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी तरुण संघाचा वर्ग घेतो. निकाल लागले की दरवर्षी तोच प्रश्न येतो, "काका, देवाची इच्छा कशी ओळखायची?" आणि उत्तर येत्या रविवारच्या आत पाहिजे असतं, कारण सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख.

सगळ्यांत जास्त डोकं उठतं ते चिन्ह मागण्याने. यात मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा लांबण लावतो. तासगावकडची द्राक्षं वाहायला जुना टेम्पो बघत होतो. मालक एक लाख ऐंशीवर अडून बसलेला. मी प्रार्थना केली, प्रभू, आज संध्याकाळपर्यंत याने वीस हजार सोडले तर टेम्पो तुझ्याकडूनच आहे असं समजेन. गड्याने पंचवीस सोडले! घरी आलो तो गाणं म्हणतच. हिने एवढंच विचारलं, "मेस्त्रीला दाखवला का?" म्हटलं, चिन्ह मिळालंय, आता मेस्त्री कशाला?

दीड महिन्यात कवठे एकंदजवळ भर दुपारी टेम्पोने मान टाकली. मागे द्राक्षाच्या पेट्या, वर ऊन. मेस्त्री आला, इंजिन कसंबसं चालू करून त्याने ऑइलचं झाकण काढलं, तर आतून भकाभका धूर. "हे झाकण घ्यायच्या आधी काढलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं," तो म्हणाला. पंचवीस हजार का सुटले, ते तेव्हा उमगलं.

लगेच कोणीतरी गिदोनाची लोकर पुढे करतं: त्याने देवाकडे चिन्ह मागितलं, एका रात्री दंवाने फक्त लोकर भिजावी, दुसऱ्या रात्री फक्त जमीन. पवित्र शास्त्रातल्या शास्ते या पुस्तकाचा 6 वा अध्याय नीट वाचा. लोकर जमिनीवर पसरण्याआधीच गिदोनाला इस्राएलला शत्रूपासून सोडवण्याची स्पष्ट आज्ञा मिळाली होती. काय करायचं ते माहीत होतं, धीर होत नव्हता. दुसऱ्या रात्रीचं मागणं मागताना तर "रागावू नकोस" म्हणून तो आधीच गयावया करतो. आपण ती गोष्ट गृहपाठ चुकवायला वापरतो.

डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट ठेवायचं, हा याचाच धाकटा भाऊ. यिर्मया 29:11, म्हणजे देवाचे संकल्प तुमच्या हिताचेच आहेत हे वचन, तर प्रत्येकाच्या स्टेटसला. त्याच्या आधीच्याच ओळीत बाबेलच्या बंदिवासात 70 वर्षं काढायची आहेत, ते कोणी लावत नाही.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे "प्रभूने मला सांगितलं." एकदा हे वाक्य पडलं की पाळकसाहेबांपासून आईबापापर्यंत सगळ्यांची तोंडं बंद. लग्नाच्या बाबतीत तर हे सरळ दडपण आहे. मुलीला नाही म्हणायची सोयच ठेवत नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रात विधवेला काय लिहितो? तिची इच्छा असेल त्याच्याशी लग्न करावं, मात्र प्रभूमध्ये. आणि यरुशलेमेत मंडळीचा एक प्रश्न सोडवायला प्रेषित जमले तेव्हा आधी भरपूर वादविवाद झाला. "पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले" हे त्यानंतर आलं. आमच्याकडे वाद टाळायलाच आत्म्याचं नाव घेतात.

मी आता काय करतो? वहीत हिशेब मांडतो. तिघांना विचारतो, त्यातला एक माझा बेत न आवडणारा असलाच पाहिजे. संमेलनातून भारावून आलेल्या रात्री कशावरही सही करत नाही. यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधायचं मनात घेतलेल्या नहेम्याने किसलेव ते निसान या यहूदी महिन्यांत, म्हणजे चारेक महिने, प्रार्थना केली आणि राजासमोर उभा राहिला तेव्हा लाकडासाठी कोणाच्या नावे पत्र हवं तेही त्याच्या डोक्यात तयार होतं.

मनाला शांती वाटली, एवढ्यावर जाऊ नका. टेम्पो घेताना मलाही वाटली होती.

आणि "दार उघडलं, काका!" म्हणत पेढे घेऊन येणाऱ्यांना मी योनाचा पहिला अध्याय वाचायला लावतो. देवाची आज्ञा टाळून पळत असताना याफो बंदरात योनाला नेमकं तार्शीशला जाणारंच जहाज मिळालं, आणि भाड्याचे पैसेही जवळ होते.