जॅक मारताना टायरकडे बघू नका, स्टँडच्या पायांकडे बघा

मोटरसायकल डबल स्टँडवर घेणं, कुठला नट कुठल्या पान्ह्याने सुटतो, चेन कशी उतरवायची, हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. पण पुढचं चाक काढायला इंजिनखाली जॅक लाव म्हटलं की नवीन पोरगा हमखास एकच करतो. टायरकडे डोळे लावून पंप मारत सुटतो.

रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घ्या. वजन १९५ किलो. डबल स्टँडवर उभी केली की स्टँडचे दोन पाय आणि पुढचं चाक जमिनीला, मागचं चाक हवेत. इंजिनच्या पुढच्या भागाखाली जॅक लावून पंप मारला की पुढची बाजू उचलली जाते, तरी टायर जमिनीवरच असतो. हे फोर्कमुळे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगवाल्या दोन नळ्यांमुळे होतं. दबलेली स्प्रिंग भार कमी होईल तशी फोर्क लांब करत जाते आणि चाकाला खाली रेटत राहते. या गाडीच्या फोर्कचा ट्रॅव्हल, म्हणजे दबायची-लांबायची जागा, १३० मिमी आहे. त्यातला थोडाच भाग दबलेला असला, तरी पहिले पंप वाया गेल्यासारखे वाटतात. जॅक खराब आहे की काय, असं वाटून आपण आणखी जोरात मारतो.

दरम्यान मागे काय चाललंय? स्टँडच्या पायांवर गाडी पुढून वर आणि मागून खाली जात असते. जाता जाता मागचं चाक जमिनीला टेकतं. इथपर्यंत सगळं ठीक. यापुढे मारलेला प्रत्येक पंप स्टँडवरचं वजन काढून जॅकवर आणि मागच्या चाकावर टाकतो. आता नीट वाचा: गाडीला आडवी पडू न देणारे स्टँडचे ते दोन पायच आहेत. ते हलके झाले की अख्खी गाडी जॅकच्या तळहाताएवढ्या तबकडीवर आली. समोरून काही कळत नाही, गाडी सरळच दिसते. नटाला झटका दिला की कळतं, आणि तेव्हा आपण चाकाला भिडून बसलेलो असतो.

हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ गेला, कारण कोणी सांगितलंच नाही. "हात बसला की कळेल," एवढंच ऐकायचो. हे वाक्य बोलणाऱ्या उस्तादाचा हात खरंच बसलेला असतो, पण हाताला काय कळतं ते त्याला शब्दांत सांगता येत नाही. त्याच्याकडून नट-बोल्ट शिका. तो जॅक लावताना मात्र तोंडाकडे बघू नका, तो कुठे बघतोय ते बघा.

माझी पद्धत साधी आहे. जॅक लावण्याआधी स्टँडच्या दोन्ही पायांखाली वर्तमानपत्राची एकेक पट्टी सरकवतो. दर एक-दोन पंपांनंतर पट्टी ओढून बघतो. घट्ट आहे, तर चालू द्या. सहज निसटली, तर लगेच जॅक थोडा उतरवा. आणि मागचं चाक टेकलं की थांबायचं, पुढचं उचललं गेलं असो वा नसो. आणखी उंची हवी असेल तर ती जॅकने मिळवायची नाही. गाडी खाली घ्या, दोन्ही पायांखाली मिळून एकच रुंद जाड प्लायवूड टाका आणि पुन्हा स्टँडवर चढवा. दोन पायांखाली दोन वेगळे तुकडे नकोत. आणि वीट तर कुठेच नको. विटेवर एका बिंदूवर भार आला की ती आधी न सांगता फुटते.

बाकीचं पटकन सांगतो. अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा नट दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच सैल करून घ्या. पान्ह्याला पाइप लावून जोर काढायची ती वेळ, जॅकवर चढल्यावरची नाही. जॅकचं तोंड ड्रेन नटवर, ऑइल फिल्टरच्या झाकणावर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर येऊ देऊ नका, मध्ये लाकडाची फळी ठेवा. ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा) असेल तर त्याचा हात गोलाईत चढतो, म्हणून चढताना जॅकला स्वतः थोडं सरकावं लागतं. खडबडीत जमिनीवर त्याची चाकं अडली, तर जॅक जागेवर राहतो आणि गाडी ओढली जाते. गाडी पुढे ओढली गेली की डबल स्टँड मिटतो. म्हणून स्टँडच्या आडव्या दांड्याला पट्टा घालून तो पुढे फ्रेमला बांधून टाका.

मागचं चाक काढणं त्यामानाने सोपं, घाबरू नका. ते आधीच हवेत आहे, जॅकची बहुतेक वेळा गरजच नसते. चाक निघालं की वजन पुढे सरकतं, म्हणून पुढच्या ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पाचर लावा. मडगार्डमध्ये टायर अडकतो म्हणून गाडी एका बाजूला कलती करून चाक ओढणारे खूप आहेत. दोघं असाल तरी ते करू नका. पायांखालचं प्लायवूड इथेही कामाला येतं.

ड्यूकसारख्या गाडीला डबल स्टँडच नसतो. तिथे साइड स्टँड आणि खाली जॅक हा जुगाड मला अजिबात मान्य नाही, कितीही व्हिडिओ दाखवा. पॅडॉक स्टँड, म्हणजे गाडीचं एक टोक उचलून सरळ उभं धरणारा सुटा स्टँड, विकत घ्या, नाहीतर कोणाकडून तरी मागून आणा. पुढचं चाक काढायचं असलं तरी आधी मागचा पॅडॉक, मग पुढचा. आणि नुसतं पंक्चर असेल तर चाक काढायचंच कशाला? ट्यूबलेसला प्लग बसतो, आणि ट्यूबवालं पंक्चरही रस्त्यावरचा पंक्चरवाला चाक जागेवर ठेवून काढतो.

हायड्रॉलिक जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. जुना सील तेल सोडतो आणि जॅक हळूहळू बसत जातो. चाक दुपारपर्यंत बाहेर राहणार असेल तर इंजिनखाली लाकडी ओंडका सारून त्याच्यावर भार द्या.

डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) होजवर, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. त्याच्या दोन ब्रेक पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घाला, कारण चाक बाहेर असताना कोणीतरी लिव्हर दाबतोच. उतरवताना जॅकचा व्हॉल्व्ह एकदम मोकळा करायचा नाही, अगदी थोडाथोडा फिरवा. गाडी दोन्ही चाकांवर आली की अ‍ॅक्सल आवळा, आणि गाडी चालू करण्याआधी पुढचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिले काही दाब पोकळ जातात.