सॅल्मनचं पिल्लू भरलं म्हणजे समुद्राला तयार झालं, असं नाही

रत्नागिरीत किंवा वर्सोव्यात मत्स्यशास्त्र शिकून नॉर्वेला येणाऱ्यांना तापमानाचं वेगळं सांगायला नको. सॅल्मनची पिल्लं १२ ते १४ अंशांच्या पाण्यात झपाट्याने वाढतात. अंड्यांना मात्र एवढी ऊब नको. ८ अंशांच्या वर उबवली की लवकर फुटतात, पण पुढे मणक्यांत व्यंग निघतं.

मला खरं छळलं ते प्रकाशाने. आपल्याकडे रोहू-कटल्याची बोटुकली लांबी बघून घेतात, त्यामुळे आकार म्हणजेच तयारी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे ते काढून टाका. नदीतल्या पिल्लाला समुद्रात जगायचं तर त्याच्या कल्ल्यांना मीठ बाहेर टाकता आलं पाहिजे. हा बदल कधी सुरू करायचा, हे त्याला दिवसाच्या लांबीवरून कळतं. म्हणून टाकीवर साधारण सहा आठवडे १२ तास उजेड, १२ तास अंधार ठेवतात. हा त्याचा हिवाळा. मग २४ तास दिवे. हिवाळा गाळून महिना वाचवा, असं सांगणारे भेटतील. त्यांचं अजिबात ऐकू नका. पिल्लू वजनाने भरतं, अंगावरचे पट्टे जाऊन चंदेरीही दिसतं आणि खाऱ्या पाण्यात मरतं.

२४ तास दिवे लागल्यापासून पिल्लू समुद्राला तयार होईपर्यंतची मुदतही नीट समजून घ्या. ती डिग्री-डेमध्ये मोजतात, म्हणजे रोजच्या तापमानाची बेरीज. ४०० डिग्री-डे १० अंशांना ४० दिवसांत भरतात, १४ अंशांना सुमारे २९ दिवसांतच. पाणी गरम केलं आणि तारखा जुन्याच ठेवल्या, तर मुदत टळते. मासा पुन्हा गोड्या पाण्याचा होऊ लागतो.

माझं मत विचाराल तर प्राध्यापकांच्या आधी हॅचरीतल्या रात्रपाळीच्या माणसाजवळ बसा. बोळातला दिवा कोणत्या टाकीच्या अंधारात शिरतो, हे त्यालाच माहीत असतं.

ऑक्सिजन टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मोजा. आत येणाऱ्या पाण्याचा आकडा नेहमीच छान असतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाला तो जास्त लागतो.

घाबरू नका, हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. तोवर शंका आली की थोडी पिल्लं २४ तास समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात ठेवून रक्तातलं क्लोराइड तपासा. लिटरमागे १५० मिलिमोलच्या वर गेलं असेल, तर पिल्लं समुद्राकडे नेणारी गाडी बोलावू नका.