कांपालची बाग, पाच वर्षांचा नातू आणि ह्यांचा गुडघा

पणजीजवळच्या ताळगावात आमच्या दारापुढे संध्याकाळच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला की निघायची वेळ झाली, हा आमच्या घरचा हिशेब. चार-सव्वाचार. एप्रिल-मेमध्ये त्याआधी बागेत पोचलात तर घसरगुंडीवर पापड भाजून घेता येतील, आणि साडेपाचनंतर गेलात तर झोपाळ्यासमोर रांगेत उभं राहून मुलाची समजूत काढत बसावं लागेल.

पणजीत चांगली बाग कुठली, असं पाहुणे विचारतात. मी उलट विचारते, सोबत कोण आहे? लहान मूल असेल तर कांपालचं भगवान महावीर बाल उद्यान. चालायचंच असेल आणि गुडघे शाबूत असतील तर आल्तिनोचा जॉगर्स पार्क, पण तो टेकडीवर, चढण आधी मोजून घ्या. नुसतं बसायचं असेल तर चर्चजवळची म्युनिसिपल गार्डन. तिला गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचं नाव आहे. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. आपल्या आल्याबद्दल आणि आंब्याबद्दलही त्याने त्यात लिहून ठेवलंय. आमचे हे तिथल्या बाकावर बसून दर वेळी मला हे नव्याने सांगतात.

रविवारी कांपालला गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यात मुलाचा अर्धा खेळ जातो. कदंब बसस्थानकावरून मिरामारकडे जाणारी बस धरा आणि कंडक्टरला ‘कला अकादमी’ म्हणून सांगा. नोव्हेंबरच्या शेवटी इफ्फीचे, म्हणजे चित्रपट महोत्सवाचे दिवस आणि कार्निव्हलचा शनिवार आला की मी कांपालचा नाद सोडते.

आता घसरगुंडी. मूल वर चढायच्या आधी हाताची पालथी बाजू उतारावर टेकवा आणि पाचपर्यंत मोजा. तळहात नको, भांडी घासून तो निबर झालेला असतो, त्याला काही कळत नाही. पाच मोजेपर्यंत हात उचलावासा वाटला तर मूलही बसवू नका. प्लास्टिकची घसरगुंडी तापत नाही हा गैरसमज आहे. आमच्या नातवाच्या मांड्या लाल झाल्या त्या प्लास्टिकवरच, हाफ चड्डी होती म्हणून.

दुसरं, मुलाला मांडीवर घेऊन कधीच घसरू नका. मी ते केलंय. नातू तेव्हा दोन वर्षांचा, एकटा बसायला घाबरत होता, म्हणून पदर खोचून मी वर चढले. निम्म्यावर त्याच्या बुटाचा रबरी तळ कडेला चिकटला. तो एकटा असता तर तिथेच थांबला असता. पण मागे माझं वजन होतं आणि ते काही थांबेना. पाय उलटा वळायला लागला, तेवढ्यात बूट निसटला म्हणून निभावलं. पुढे ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की लहान मुलांची नडगी नेमकी अशीच मोडते. मूल घाबरत असेल तर त्याला अर्ध्या उतारावर बसवा आणि तुम्ही बाजूला उभं राहून हात धरा. आठ दिवसांत स्वतः चढतं.

झोपाळ्यापाशी आपल्या मुलापेक्षा दुसऱ्यांच्या मुलांवर जास्त लक्ष ठेवा. झोका मागे गेला की कुणीतरी चिमुरडं पुढून धावतंच. मी झोक्याच्या समोर किंवा मागे उभी राहत नाही, बाजूला राहते.

ह्यांचा गुडघा ओपन जिमचा शौकीन आहे. ज्या बागेत ती यंत्रं आहेत तिथे हवेत चालायच्या यंत्रावर आधी दोन्ही हात दांड्यावर, मग एक पाय, मग दुसरा. उतरताना फळ्या पूर्ण थांबू द्या. हे एकदा ऐटीत तशीच उडी मारून उतरले, मागून आलेली फळी घोट्यावर बसली आणि महिनाभर मी हळद लावत होते. त्यापेक्षा कांपालच्या फ्रान्सिस्को लुईस गोमीशांच्या पुतळ्यापर्यंत चालत जाऊन यावं. 1829 साली जन्मलेले हे गोंयकार, लिस्बनच्या संसदेत बोलले. तेही डॉक्टरच!

डब्यात गूळ-खोबऱ्याचे फोव, म्हणजे पोहे न्या, पण झाकण उघडं टाकू नका. कावळे आपल्यापेक्षा हुशार. बाटलीत कोकम सरबत. गाड्यावरचं रस ऑम्लेट, म्हणजे रश्शातलं ऑम्लेट, परत निघताना खायचं, नाहीतर मूल खेळत नाही आणि जेवतही नाही.

पावसाळ्यात उघडीप बघून जायला हरकत नाही, पण चिऱ्यांच्या पायवाटेवर शेवाळ असतं. पाय घसरणाऱ्या चपला नकोत. वारा सुटला तर मोठ्या झाडाखाली आडोसा घेऊ नका, पर्जन्यवृक्षाच्या फांद्या दिसतात जाड पण मोडतात पटकन.

ह्याच झाडाने माझं सगळ्यात अवघड काम सोपं केलंय, ते म्हणजे नातवाला घरी नेणं. कांपालच्या रस्त्यावरचे हे जुने वृक्ष संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतात. नीट बघा, समोरासमोरच्या पानुल्या एकमेकींवर पडतात आणि मघापर्यंत भरलेल्या झाडातून आकाश दिसायला लागतं. मी नातवाला सांगून ठेवलंय, झाड झोपलं की आपण निघायचं. घड्याळ दाखवलं तर भोकाड पसरतो, झाडाशी भांडत नाही.

भांडत नव्हता म्हणायचं. आभाळ भरून आलं तरी ही पानं मिटतात. गेल्या जूनमध्ये आम्ही पोचून दहा मिनिटं झाली नसतील, तोच मांडवी नदीवर अंधारून आलं आणि भर दुपारी झाडं मिटली. मी म्हटलं, ‘चल रे, झाड झोपलं.’ तो झोपाळ्यावरून हलेना. ‘आजी, हे दुपारचं झोपलंय. उठेल परत.’ मी छत्री उघडली, त्याला काखोटीला मारलं आणि बसथांब्याकडे पळाले.