दुर्लक्षित नांद्रुक बोन्सायची खरड छाटणी

तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला खरड छाटणी शिकवावी लागत नाही. माल उतरला की वेलीला विश्रांती, खतपाणी, आणि मग एप्रिलात काडीवर एखादा डोळा राखून बाकी सगळं खाली. गच्चीच्या कोपऱ्यात चार-पाच वर्षं पडून राहिलेल्या फायकस (वड-पिंपळाच्या कुळातल्या) बोन्सायलाही हाच क्रम लागतो. बहुतेक झाडं जातात ती क्रम उलटा केल्यामुळे, म्हणजे आधी करवत आणि मग खत. फायकस नवे फुटवे काढतो ते खोडात-मुळात साठवलेल्या अन्नावर. उपाशी झाडाकडे तो साठाच नसतो. ते बोडकं केलं की बोडकंच राहतं आणि वरून खाली वाळत येतं.

आधी जात ओळखा. नांद्रुकाची पानं जाडसर, चकचकीत, टोकाला फारशी लांबट नसलेली. जुन्या उघड्या लाकडावरूनही तो फुटतो, म्हणून जोरकस छाटणीला सगळ्यात भरवशाचा. बेंजामिनाची पानं पातळ, टोक शेपटीसारखं, फांद्या लोंबत्या. त्याच्या फांदीवर एकही पान ठेवलं नाही तर ती फांदी बहुधा सुकते. प्रत्येक फांदीवर दोन-तीन पानं राखलीच पाहिजेत. पिंपळाच्या मोठ्या घावाखालचं लाकूड वाळत जातं, तिथे हात आखडता घ्यावा. पुढचं सगळं नांद्रुक धरून लिहिलं आहे.

जीव कुठवर आहे ते नखाने कळतं. शेंड्यापासून खाली येत सालीवर हलका ओरखडा काढा. खाली हिरवं, ओलं दिसलं आणि टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा चीक वर आला, तर तो भाग जिवंत. तपकिरी आणि कोरडं लागलं तर तो भाग गेलेला. मेलेल्या फांद्या आत्ताच काढल्या तरी चालतात, जिवंत लाकडाला मात्र हात लावू नका.

तयारी एप्रिलच्या सुरुवातीला सुरू करा. कुंडीतली जुनी माती दगडासारखी झालेली असते. वरून घातलेलं पाणी कडेने निसटून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कुंडी टबात काठापर्यंत बुडवून २० मिनिटं ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पातळ सळईने मातीत सात-आठ भोकं पाडा. सकाळचं चार-पाच तास ऊन, दुपारी सावली. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, दर १५ दिवसांनी, ओल्या मातीतच. सांगलीकडे बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसेल. अशा वेळी साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी भरपूर ओतून क्षार खालून वाहून जाऊ द्या, नाहीतर खत दिलेलंही मुळांना भाजतं.

पानं मधोमध दुमडून चिकटली असतील तर उघडून बघा. आत बारीक काळे किडे सापडले तर ते फुलकिडे. ती पानं तोडून नष्ट करा. कडुनिंब तेल ५ मिली आणि साबणाचं पाणी १ मिली, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी फवारा. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर मिलीबग. त्यालाही हेच औषध, पण आधी जुन्या टूथब्रशने घासून.

दोन महिन्यांत शेंड्यांवर चार-पाच नवी, पूर्ण वाढीची पानं आली तर झाड छाटणीला तयार. आली नाहीत तर यंदा छाटणी नाही. इथे मन घट्ट करावं लागतं.

छाटणी मृगाचा पाऊस स्थिरावला की करा. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात कुंडीतल्या फायकसचा घाव झपाट्याने वाळतो. थंडीत फुटवाच येत नाही.

आता कुठे कापायचं. वरची माती बोटाने उकरून मुळांचा पसारा उघडा करा. तो ज्या बाजूने सगळ्यात छान दिसतो ती झाडाची पुढची बाजू. खोडाची बुंध्याशी जाडी मोजा. ५ सेंमी असेल तर पुढे झाडाची उंची सुमारे ३० सेंमी शोभते, म्हणजे सहापट. पण पहिला घाव ३० वर घालायचा नाही. तो १० ते १२ सेंमीवर, एखाद्या खालच्या बारीक फांदीच्या जरा वर. पुढे तीच फांदी शेंडा होते, आणि जाड बुंध्यातून निमुळतं होत जाणारं खोड त्यातूनच मिळतं. सरळ दांडकं ३० सेंमीवर तोडून वर पानांचा झुपका ठेवला तर ते कायम छाटलेलं झाडच दिसतं.

करवत स्पिरिटने पुसून घ्या. आधी खालच्या बाजूने एक तृतीयांश कापा, मग वरून. नाहीतर शेवटी साल सोलून खाली येते. घावाचा उतार मागच्या बाजूला. फांदीच्या वर दीड-दोन सेंमी खुंटी सोडा, कारण लाकूड थोडं खाली वाळतंच. फुटवे पक्के झाले की ही खुंटी पुढच्या वर्षी साफ करायची. चीक भळभळ वाहील. थंड पाणी फवारलं की थांबतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नका, अंगाला खाजतो, कपड्यावरचा डाग निघत नाही. करवतीवरचा चीक खोबरेल तेलाने सुटतो.

घावाच्या कडा धारदार चाकूने गुळगुळीत करा, फाटक्या सालीवर नवी साल चढत नाही. चीक वाळला की बोर्डो पेस्ट लावा. एका झाडाला १० ग्रॅम मोरचूद ५० मिली पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५० मिलीत, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात, मग एकत्र. लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवा.

छाटणीनंतर सगळ्यात जास्त झाडं पाण्याने मरतात. पानं नाहीत म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही, आणि रोजच्या सवयीने तांब्याभर पाणी पडत राहिलं की मुळं कुजतात. वरची एक इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी. साताऱ्यात जुलैची संततधार लागली की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा देऊन ती तिरपी ठेवा, किंवा आडोशाला न्या. सांगलीत पाऊस मध्येच दडी मारतो, तिथे बोट घालून रोज तपासा. पहिले १५ दिवस ५० टक्के शेडनेट, खत अजिबात नाही.

दोन ते चार आठवड्यांत सालीवर तिळाएवढे फुगीर ठिपके उठतात, मग त्यांतून हिरवी टोकं. घावाभोवती झुबका येतो. त्यातले दोन ठेवून बाकीचे खुडा, नाहीतर तिथे गाठ होऊन खोड वरच फुगतं. राखलेले फुटवे सहा-आठ पानांपर्यंत वाढू द्या, मग दोन पानांवर कापा. पानं गडद झाली की खत पुन्हा सुरू. वळण द्यायला अॅल्युमिनियमची तार फांदीच्या एक तृतीयांश जाडीची. पावसाळ्यात फांदी भराभर जाडावते, म्हणून चार आठवड्यांनी तार तपासा आणि काढताना उलगडू नका, तुकडे करून काढा.

मुळांना यंदा हात नको. दोन घाव एका वर्षात अशक्त झाडाला झेपत नाहीत. पुढच्या मृगात झाड कुंडीतून काढा, गोल फिरलेली मुळं सोडवून एक तृतीयांश कापा. शेतातली काळी माती वापरू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. विटांची ३ ते ५ मिलीमीटर चाळलेली रोडी दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग, कुजलेलं गांडूळ खत एक भाग. साताऱ्याच्या गच्चीवर पश्चिमेचा वारा उथळ ट्रे सहज उलथवतो, तेव्हा तळाच्या भोकांतून तार ओवून मुळांचा गोळा ट्रेला घट्ट बांधा. झाड हललं तर नवी मुळं रोज तुटत राहतात.